भावजींच्या नाकाने घेतलेली मशीन

अहो,
भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण गरम करून घ्या. तुमची श्वासाची मशीन शोधू नका. ती घेऊन मी मुरबाडच्या दुकानात बदलायला चाललेय.

डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलेलं, श्वास सोडताना हवेचा जोर आपोआप कमी होतो ती मशीन घ्या, आणि स्वतः आडवं पडून लावून बघा. तुमाला लाज वाटली. पाठवलंत दीपेश भावजींना! त्यांनी उभ्या उभ्या मास्क नाकाला लावला आणि म्हणाले, "वारा मस्त येतो." झोपेत श्वास अडकतो तुमचा की भावजींचा? म्हशाच्या जत्रेत बैल घेताना चार वेळा चालवून बघता, तेव्हा नाय पाठवत त्यांना!

आता त्या वाऱ्याच्या जोरापुढे श्वास बाहेर टाकता येत नाय म्हणून रोज मास्क काढून उशीखाली दडवता. मला कळत नाय वाटतं? श्वास थांबला की तुमचा खांदा कोण हलवतं?

साडेदहाच्या एसटीने या. दुकानात सगळ्यांसमोर आडवं पडायचं, मास्क लावायचा. लाजेने कोण मेलेलं मी बघितलं नाय. तुमचे बाबा झोपेत गेले, ते बघितलंय.

मीना