लाल बसचा शेवट

बाबा, तुम्हाला सिनेमात झोप लागायची, हे मी आजवर किती सभांमध्ये सांगितलं असेल. ऐंशीच्या दशकातल्या नावाजलेल्या दिग्दर्शकांवर बोलायला मला बोलावतात आणि मी सुरुवात तिथूनच करते. आमच्या वडिलांची मान दहाव्या मिनिटाला खुर्चीच्या पाठीवर पडायची, म्हणते. लोक हसतात. मग मी आवाज बदलते आणि त्या एका सिनेमाच्या शेवटावर येते, त्यातल्या लाल बसवर. त्या लाल रंगाचा अर्थ काय यावर मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेखही लिहिला होता.

तो रविवार तुम्हाला आठवतो का? पुसदच्या घरातली दुपार, आपला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यावर दूरच्या प्रांतातला बक्षीस मिळालेला सिनेमा. चहूकडे पाणी असलेलं गाव, सासरी अडकलेली एक बाई, बोलणं जवळजवळ नाहीच. शेजारच्या काकू पदर सावरत उठतात. "हे पिच्चर हाय का मौनव्रत? हे पाहा, तुह्या बाबानं तं केव्हाचंच समजून घेतलं." तुम्ही डोळे मिटून खुर्चीत. मी खालच्या इंग्रजी ओळी वाचत हट्टानं बसलेली. बाई दाराच्या कडीला हात लावते आणि लाइन जाते. वीज परत येते तेव्हा दुसराच कार्यक्रम चालू असतो.

त्याच आठवड्यात मोठेबाबा, तुमचे थोरले भाऊ, येऊन गेले होते. बारावी झाली की पोरीचं उरकून टाका, असं बजावून गेले होते आणि तुम्ही त्यांच्यासमोर मान खाली घालून सुपारी कातरत बसला होतात. त्याचाही राग माझ्या आवाजात असणार. "शेवटच गेला," मी म्हणाले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मी पाह्यला हाय तो. अमरावतीले मीटिंगले गेलतो तवा."

"मग काय होते तिचं?"

तुम्ही डोळे मिटूनच मान सरळ केलीत. मग म्हणालात, बाई कडी काढते, एक पिशवी घेते, स्टँडवर येते. लाल बस उभी असते. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं, बाई? ती म्हणते, ही जाते तिथवर. "मंग तो म्हन्ते, पुढं सरका. झाला पिच्चर."

बारावीनंतर मी मोठेबाबांना तोंडावर सांगितलं की मी अमरावतीला शिकायला जाणार. ते तुमच्याकडं वळले. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊ द्या दादा, मी बोललो तिले." तुम्ही मला कधी काय बोललात, ते काही केल्या मला आठवेना.

तो सिनेमा पुन्हा कुठं पाहायला मिळालाच नाही. गेल्या महिन्यात यवतमाळच्या एका कॉलेजात त्याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली आणि आधी बोलायला मला बोलावलं. मी नेहमीसारखी बोलले. तुमची झोप सांगितली, मुलं हसली. शेवटही आधीच सांगून टाकला, वर म्हणाले की शेवट कळायला नजर लागते. मग अंधार झाला. बाईनं कडीला हात लावला, कडी पुन्हा नीट बसवली आणि चुलीपाशी जाऊन बसली. बस नाही, स्टँड नाही. त्या गावाला रस्ताच नव्हता, बाबा, होडी होती फक्त. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पाण्यातल्या गावात एसटी आली कुठून, असा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नाही, आणि मी आयुष्यभर मुलींना म्हणत आले की प्रश्न विचारा.

दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. उर्मट नव्हती, खरंच विचारत होती. "मॅडम, तुम्ही सांगितलेली ती लाल बस?"

मी म्हणाले, "जुन्या प्रतीत होती. नवीत कापलेली दिसते." तिनं ते वहीत लिहून घेतलं. घाईनं, खाली रेघ ओढून.

पुसदला परतताना बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका, ताई, पुढं सरका." मी दांडा धरून उभी होते आणि मला मान वर करवेना. मोठेबाबांसमोर जे तुमच्या तोंडून निघत नव्हतं, ते तुम्ही मला डोळे मिटून सांगितलं होतं. आणि मी ते एका मोठ्या दिग्दर्शकाच्या नावावर जमा करून जागोजागी वाटत आले. तुमच्या वाट्याला फक्त झोप ठेवली.

त्या कॉलेजातल्या सरांचा नंबर माझ्याकडं आहे. त्या मुलीला निरोप द्या, ती ओळ खोडायला सांगा, तो शेवट माझ्या वडिलांचा होता, एवढंच सांगायचं आहे. तुम्हाला लिहायला बसले ते हे सांगून झालं असं कळवायला. तीनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा सरांनी उचलला, आणि मी पुढच्या भाषणाची तारीख विचारली.