एकोणतीस इंच

२४ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं असा संकल्प.

आज क्लबच्या मैदानावर पन्नास मीटरवरून माझे सगळे बाण डावीकडे गेले. एक तर टार्गेट सोडून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात. वर्षभर नुसती शंका होती, आज खात्री पटली. दोष धनुष्याचा आहे. आठ वर्षं वापरलेलं कंपाउंड धनुष्य, त्याच्या टोकांची चाकं दमणारच.

पाच नोव्हेंबरला आंतरक्लब स्पर्धा. संघात तिघं. खराडीला आयटीत असलेला जयसिंग आणि त्याचा मित्र, हे दोघं नक्की. तिसरी जागा रिकामी आणि सीनियर मीच. आठ वर्षं मी राखीव खेळाडू आहे. म्हणजे दुर्बीण धरून दुसऱ्यांचे बाण कुठे लागले ते ओरडून सांगतो. यंदा ते नाही. यंदा पाठीवर नाव छापलेला निळा टी-शर्ट घालून रेषेवर उभं राहायचं. फक्त 'श्रीनिवास' छापायचं. आडनावाने गर्व दिसतो.

मच्छिंद्रसरांना सांगितलं, धनुष्य बदलतोय, कंपनीसुद्धा बदलतोय. सर आमचे कोच. मैदान त्यांच्या घरच्या शेतातलं. उरलेल्या शेतावर त्यांनी बिल्डिंगा बांधल्या, त्यातल्या एकीत मी राहतो, त्यामुळे दोन्हीकडे जपून बोलावं लागतं. सर म्हणाले, "धनुष्याला काय झालंय? चांगलं हाय की. तुमचं माप चुकतंय, साहेब. सत्तावीसचा माणूस एकोणतीस ओढतोय."

मी हसून सोडून दिलं. क्लबसाठी मी काय कमी केलंय? फाटकावरची पाटी माझ्या हातची आहे. 'बाण न लावता दोरी सोडल्यास धनुष्य मोडते. एकदा सांगितलेले पुरे.' लोक थांबून वाचतात.

२६ सप्टेंबर, मंगळवार

मापाचा विषय एकदाचा मिटवला. कंपाउंड धनुष्याची दोरी ठरलेल्या इंचावर येऊन थांबते, त्यापुढे येत नाही. तो इंच ज्याच्या त्याच्या हातांवर ठरतो. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. सुहासिनीला टेप धरायला लावली. पहिल्यांदा सत्तावीस आले. ती टेप फार सैल धरते. मग मी श्वास भरून, खांदे मोकळे करून, बोटं ताणून उभा राहिलो. अठ्ठावीस. मग नखंही धरली. साडेअठ्ठावीस, म्हणजे एकोणतीसच.

सुहासिनी टेप गुंडाळत म्हणाली, "एवढे लांब हात आहेत तर वरच्या फळीवरचे डबे स्टुलाशिवाय काढत चला."

टोमणा होता, पण मुद्दा बिनतोड. आजपासून स्टूल बंद.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपक्ष लागला. पंधरा दिवस नवीन खरेदी नाही. एरवी मी असलं काही मानत नाही, पण शस्त्राच्या बाबतीत कशाला विषाची परीक्षा.

तोवर जुन्या धनुष्यावर सराव करावा का? विचार केला. जुन्याची सवय पक्की झाली तर नव्याच्या वेळी तीच आडवी येणार. तेव्हा सराव बंद, अभ्यास चालू. आज चार व्हिडिओ बघितले. तिसऱ्यात डोळा लागला.

संध्याकाळी शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर होता. उडी मारली. डबा हाती आला. त्याच्या आधी झाकण आलं, त्यामुळे स्वयंपाकघर झाडावं लागलं.

८ ऑक्टोबर, रविवार

विक्रेत्याचा माणूस मैदानावर तीन धनुष्यं घेऊन आला. मच्छिंद्रसर म्हणाले, कंपनीचं नाव बघू नका, डोळे मिटून एकेक ओढा. दोरी थांबली की डोळे उघडा. गालाशी नीट बसली असेल तर ते तुमचं. मी सरांना नम्रपणे म्हटलं, की मी दोन आठवडे अभ्यास केलाय, डोळे मिटायला नाही.

पहिलं धनुष्य जुन्याच कंपनीचं. बाद. ते जयसिंगकडेही आहे आणि प्रत्येक पोरासोराकडे आहे. दुसऱ्याचं माप एक स्क्रू फिरवून हवं तेवढं कमी-जास्त करता येतं. ही सोय ज्यांना आपलं माप माहीत नाही त्यांच्यासाठी. तिसरं मात्र माझं. त्याचं चाक एकाच मापाचं कापलेलं असतं. माप बदलायचं तर अख्खं चाक परदेशातून मागवायचं. कंपनीचा हा आत्मविश्वास मला आवडला. शिवाय ओढ साठ पौंडांची. ओढून बघितलं तेव्हा छातीपाशी काहीतरी तुटल्याचा आवाज आला. शर्टाचं बटण होतं.

जयसिंग म्हणाला, "सर, ऑर्डर करण्याआधी दोन-तीन राउंड शूट तर करा. स्पेक्स वाचून थोडंच कळतं?" या पिढीला वाचनाचं वावडंच आहे. ऊनही फार होतं, म्हणून शूट केलं नाही.

इथे एक खुलासा. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला जो काळानिळा डाग आहे तो दोरी घासल्याचा. सर म्हणतात, माप मोठं असलं की घासते. माझं निरीक्षण असं की माझी त्वचा पातळ आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. मुहूर्तावर ऑर्डर दिली. एकोणतीस इंच, साठ पौंड, रंग भगवा. टी-शर्टचं नावही जयसिंगकडे देऊन टाकलं, ऐन वेळी छपाईवाल्याकडे गर्दी होते.

सुहासिनीची अट आहे, घरात नवीन आलं की जुनं बाहेर. ट्रेडमिल आणि गिटारच्या वेळी ही अट नव्हती, हा तिच्या मते तिचाच दोष. जुनं धनुष्य खालच्या मजल्यावरच्या श्यामसुंदरकाकांना दिलं. काका गणिताचे निवृत्त शिक्षक, वय एकोणसत्तर. डॉक्टरांनी घराबाहेर पडा म्हटलं म्हणून जूनपासून क्लबात येतात. काकांनी धनुष्य उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, यात दोष काय? मी म्हटलं, तुमच्या पातळीला काहीच नाही, पण घरात नवीन आलं की जुनं ठेवत नाहीत. त्यांनी अर्धा किलो आंबा बर्फी पाठवली. सुहासिनी म्हणाली, सौदा फायद्यात झाला.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आलं! खोक्यातून काढलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. रंग भगवा सांगितला होता, आला आहे गाजराचा. उन्हात भगवाच दिसेल.

जयसिंगचा फोन, की सर, आणा मैदानावर, सेट करून देतो. मी सांगितलं, दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्याशिवाय या धनुष्याने बाण मारणार नाही. तो म्हणाला, निवड चाचणी एकोणतीसला आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. एकोणतीस माझा लकी आकडा.

२२ ऑक्टोबर, रविवार

मैदानावर नुसता बघायला गेलो. मच्छिंद्रसरांनी काकांसाठी माझ्या जुन्या धनुष्याचा स्क्रू फिरवून माप सत्तावीस केलं. दहा मिनिटांचं काम. आठ वर्षं मी जे ताठ मानेने एकोणतीसवर ठेवलं ते असं दोन इंचांनी खाली आलं. बघवेना. काका नेम धरताना उत्तरपत्रिका तपासल्यासारखा चेहरा करतात. मारतात बरे, पण त्यात जोश नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ९

दसरा. पाटावर लाल कापड, त्यावर धनुष्य, झेंडूची माळ, हळदकुंकू. सुहासिनीने शेजारी विळी आणून ठेवली. मी म्हटलं, शस्त्रपूजा चालू आहे. ती म्हणाली, "हे रोज चालतं."

दुपारी जेवायला तिचे भाऊ आणि हेमावहिनी येणार. श्रीखंड आहे. मन प्रसन्न.

दुपारी ४

घाईत निष्कर्ष काढायचे नाहीत. फक्त घडलं ते लिहितो.

जेवणं चालू असताना हेमावहिनी म्हणाल्या, भाऊजी, एकदा ओढून दाखवा ना, फोटो काढते. फ्लॅटमध्ये बाण लावणं धोक्याचं. सुरक्षिततेच्या बाबतीत मी कडक आहे. म्हणून बाण लावला नाही. नुसतं ओढायचं, फोटो झाला की हळूच परत सोडायचं, असा विचार. तिसऱ्या झटक्यात ओढलं गेलं. दोरी कानाच्या मागे जाऊन थांबली. काय तो ताण, काय तो थाट! वहिनी म्हणाल्या, थांबा हं. मग म्हणाल्या, मेमरी फुल आहे, एक-दोन व्हिडिओ उडवते. कोणता उडवायचा यावर त्यांची आणि मेव्हण्यांची चर्चा झाली. माझे हात थरथरायला लागले. कधी तरी अंगठा दोरी धरून ठेवणाऱ्या चापाच्या बटणाला लागला.

फटाका उडावा तसा आवाज झाला. दोरी लोंबकळत होती, वरची पाती उभी चिरली होती, झेंडूची माळ पंख्याला गुंडाळून फिरत होती. पाकळ्या श्रीखंडात. मला लागलं नाही. सगळे मला विचारत होते, आणि मी खाली बसून त्या चिरलेल्या पातीवर हात फिरवत होतो. फार वाईट वाटलं. पूजेची हळद अजून ओली होती.

सुहासिनीने आधी माझे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "विळीला काही झालं नाही ना, बघा."

निष्कर्ष आता काढतो. फोनमध्ये मेमरी नेहमी मोकळी ठेवावी.

२५ ऑक्टोबर, बुधवार

धनुष्य चादरीत गुंडाळून मैदानावर नेलं. मच्छिंद्रसरांनी चादर उघडली, बघितलं, परत झाकली. मग फाटकाकडे बघत उभे राहिले. मीही तिकडे बघितलं. पाटीवरचं अक्षर खरोखर सुबक आहे.

कंपनीने कळवलंय की बाणाशिवाय सोडलेल्या धनुष्याला वॉरंटी लागू नाही. बहुधा पाटी सगळीकडे लागलेली असावी.

२९ ऑक्टोबर, रविवार

निवड चाचणी. क्लबचं नवशिक्यांचं धनुष्य घेतलं. सरांनी सत्तावीसवर ठेवतो म्हटलं. मी अठ्ठावीसपर्यंत खाली आलो, तेवढाच तडजोडीला वाव होता. बाण डावीकडे. सगळे. म्हणजे दोष जुन्या धनुष्याचा नव्हता असं कोणी म्हणेल, पण वाराही होता.

काकांना त्या वाऱ्याचा त्रास झाला नाही. तिसरी जागा श्यामसुंदर. मी राखीव. सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागली.

टी-शर्ट छापून आलेत. माझाही. जयसिंग म्हणाला, सर, घाला की, तुम्हीसुद्धा टीममध्येच आहात. पोरगा मनाने चांगला आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

टी-शर्टवर स्वेटर घातला. गाडीत सगळ्यांना घाम येत होता. जयसिंगने दोनदा विचारलं, सर, बरं नाही का? थोडी कणकण आहे म्हणालो.

दिवसभर दुर्बिणीतून ओरडत होतो. "काका, पिवळा. परत पिवळा." पिवळ्यात म्हणजे अगदी मध्यात. आवाज बसला. आपला क्लब दुसरा आला. काकांच्या गळ्यात पदक. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून तपासलं आणि खिशात टाकलं.

सामान आवरताना काकांनी विचारलं, "श्रीनिवासराव, मारायचेत का तीन?" आणि धनुष्य पुढे केलं. नाही म्हणणार होतो. स्वेटर काढला आणि रेषेवर गेलो.

ओढलं. दोरी येऊन गालाशी थांबली. कानामागे नाही, गालाशी. हात थरथरला नाही, पाठ वाकली नाही, कोपराला काही घासलं नाही. तीन बाण मारले. दुर्बीण जयसिंगकडे होती. तो तीनदा एकच शब्द बोलला.

मच्छिंद्रसर शांतपणे म्हणाले, "आठ वर्षं हेच सांगतोय, साहेब."

मी धनुष्य छातीशी धरून उभा होतो. धीर करून काकांना म्हटलं, आता स्पर्धा संपली, हे परत माझ्याकडे दिलंत तर? तुम्हाला दुसरं घेऊन देतो. काकांनी हात पुढे केला.

"घरात नवीन आलं की जुनं ठेवत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. आणा."

दिलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

वसुबारस. सुहासिनीने चकल्या केल्या. मंडईतून आणलेल्या नव्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवल्या आणि देवळात गेली. घरात कोणी नव्हतं.

एकदा उडी मारून बघितली. मग गॅलरीतून स्टूल आणलं.