खंडेनवमीला पुजलेले त्रेचाळीस फोन

चिरंजीव साईराज यास,

रोह्याहून पोपटकाकाचा आशीर्वाद, आणि त्याच पाकिटात थोडा रागही. तुझी तब्येत बरी असणारच, एसीत बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात तब्येतीला काय धाड भरणार! माझा गुडघा धरलाय, तुझी सरूकाकी ठणठणीत, शेळी व्याली (दोन पिल्लं, दोन्ही माद्या).

गणपतीत तू आमच्या ओटीवर बसून मला समजावलंस की फोनमध्ये गुपचूप शिरणारं तुमचं ते सॉफ्टवेअर फक्त अतिरेकी आणि स्मगलर पकडायला असतं. मी मान हलवली, पण ती तोंडात मोदक होता म्हणून, पटलं म्हणून नाय. त्याच दिवसांत धाटावला आमच्या रसायनाच्या कंपनीने सगळ्या कामगारांना फुकट फोन वाटले होते. म्हणाले, गॅस सुटला तर यातलं ॲप भोंगा वाजवेल. (तेवीस वर्षांत आम्हाला धड हातमोजे मिळाले नाहीत, तेव्हाच ओळखायला हवं होतं.) पॅकिंगमधली आमची अनिता एका संध्याकाळी घरी बसून बहिणीला फोनवर म्हणाली, नाल्याचं पाणी परत लाल झालंय, मी आता तक्रारअर्ज देते. अर्जाला कागदसुद्धा आणला नव्हता रे बाईने, तर दुसऱ्या दिवशी गेटवरच कामावरून काढल्याचं पत्र! का, तर म्हणे कंपनीची माहिती बाहेर फोडली. घरातलं बोलणं तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं तर सिक्युरिटीचे रितेश साहेब म्हणाले, ॲपमध्ये भोंग्याशिवाय काही नाय, तुम्ही लोकच संशयी.

आता खंडेनवमीचं ऐक. दरवर्षी आमच्या तिन्ही वाड्यांतले कामगार आपापली हत्यारं आमच्या ओटीवर पूजेला आणतात, हे तू लहानपणापासून बघतोयस. यंदा नवीन नियम आला की कंपनीचा पाना गेटबाहेर न्यायचा नाय. मग पुजायचं काय? मोरू म्हणाला, कंपनीने घरी दिलेलं एकच हत्यार हाय, हा फोन. झालं! सकाळी नऊला पाटांवर त्रेचाळीस फोन मांडले, प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. (शिवाच्या फोनच्या भोकात कुंकू गेलं, तो अजून सुधारलेला नाय.) आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून फोन तिथेच ठेवून सगळे भात कापायला निघून गेलो. घरी फक्त सरू आणि शेळी.

एक वाजता दारात जीप. रितेश साहेब आणि दोन गार्ड धाडकन ओटीवर चढले. मी तेव्हाच जेवायला घरी येत होतो. साहेबांनी आधी माजघर बघितलं, मग न्हाणी, मग गोठा. सरूने विचारलं, "अहो, हरवलंय काय तुमचं?" तर साहेब भडकले, "त्रेचाळीस माणसं कुठे लपवलीत? सकाळपासून इथेच दिसतायत, आणि चार तास एकजण बोलत नाय, नुसता शेळीचा आवाज येतोय!" बोलून गेला बाबा. मागे आळीतल्या सोळा बायका उभ्या, सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, साहेब, भोंग्याला शेळी कशी ऐकू येते? त्यांचा चेहरा असा उतरला की सरूने दया येऊन हातावर खोबरं ठेवलं. पण साहेबांच्या हातातल्या टॅबवर कोपऱ्यात निळं चिन्ह होतं, साईराज. तू मला तुमच्या कंपनीची टोपी दिलीस ना, तिच्यावरचंच.

देशाच्या सुरक्षेला माझा विरोध नाय. आपल्या किनाऱ्यावर एकेकाळी स्फोटकं उतरली होती ते आम्ही विसरलो नाय. चोर जरूर पकडा. पण हवालदाराला माझ्या घराची झडती घ्यायची तर कागद लागतो, त्यावर कुणाची तरी सही लागते, उद्या चुकलं तर त्याला जाब विचारता येतो. तुमच्या मालाला काय लागतं? नुसतं गिऱ्हाईक! परदेशात यावर परिषदा भरतात, नियम कडक केले तर शत्रू पुढे जाईल, असं तू म्हणालास. अरे, अनिता कुठल्या देशाची शत्रू? नाल्याचं पाणी लाल आहे, हे ती बोलली. ते लालच आहे, येऊन बघ. मला राग आलाय आणि तो जाणार नाय. आम्ही त्रेचाळीस जणांनी सही करून लिहून दिलंय: भोंगा भिंतीवर लावा, फोन परत घ्या. कामावरून काढायचं तर सगळ्यांना काढा, मग रिॲक्टर चालवायला सरूच्या शेळीला बोलवा.

तुझा (अजून तरी)
पोपटकाका

ता. क. : सोमवारी अकरा वाजता रोह्याला अनिताची सुनावणी आहे. कंपनी म्हणणार, असलं काही यंत्रच नाय. तू येऊन दोनच वाक्यं सांग: यंत्र आमचं आहे, आणि ते बोलणं ऐकतं.

ता. क. दुसरा : नोकरी जाईल म्हणशील. तुझ्या आईचा पेणहून निरोप आला. हा सगळा प्रकार तिने तुला सांगितला तेव्हा तू फोनवर म्हणालास म्हणे, "काकाचं बरोबर हाय, पण मला तोंड उघडता येत नाय." तो फोन तुला तुझ्या कंपनीनेच दिलाय ना रे? मग त्यांच्या कानावर गेलंच, उघडलंस की तोंड. सोमवारी लवकरची गाडी धर.