बंदरोबंदरी त्यांची माणसं

लोणंद, ता. ६ जुलै

चि. नूरजहां हिला बादशहाचा सलाम आणि पोटभर दुवा. वि. वि. इकडे सगळे ठीक, तुझ्या भाभीचे गुडघे सोडले तर.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर भरवसा उरला नाही म्हणून लिहितो. मंगळवारी एका माणसाचा फोन आला. म्हणे, तुमचा भाचा फरदीन ज्या जहाजावर आहे ते मोंबासा बंदराबाहेर सोडून मालक पळाला, आणि आम्ही नाविक मित्र मिशनचे ख्रिस्ती लोक त्याची काळजी घेतोय. कुठले तुम्ही, विचारलं, तर सांगलीचे. सांगलीत बसून आफ्रिकेत काळजी घेतात. वर म्हणतो, जगातल्या सगळ्या मोठ्या बंदरांत आमची माणसं आहेत. ज्याची माणसं सगळीकडे असतात त्याचं कुठेच कुणी नसतं, एवढं मला चौथी शिकूनही कळतं. मी फोन कापला.

हल्ली असेच फोन येतात. पोरगं अडचणीत आहे म्हणायचं आणि बँकेतलं सगळं काढून घ्यायचं. आमच्या आळीतल्या आप्पासोंना असंच लुटलं. तू फोन बंद करून डब्यात ठेव आणि कुणी आलं तर दार उघडू नकोस. फरदीनचा फोन येत नाही, कारण समुद्रात रेंज नसते. मला झोप लागत नाही ती वयामुळं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ, बादशहा

इस्लामपूर, ता. ११ जुलै

आदरणीय भाईजानना नूरजहांचा सलाम. वि. वि.

फोन डब्यात ठेवला, तर तो माणूस दारात आला. तुमचं ऐकून कडी लावून बसले होते. तो बाहेरून म्हणाला, फरदीनच्या भुवईवर मामूच्या दुकानातला पत्रा लागल्याची खूण आहे ना. मग कडी काढली. रणभिसे नाव त्यांचं, पोस्टातून निवृत्त झालेत. त्यांनी फोन लावून पोराचं तोंड दाखवलं. भाईजान, पोरगं अर्धं झालंय. जहाजावर डिझेल नाही, म्हणून दिवा नाही, पंखा नाही. मिशनची अचेंग नावाची तिकडची बाई छोट्या बोटीतून पाणी आणि भात घेऊन जाते, तिच्याच फोनवरून तो बोलला. बाकीचे खलाशी मिशनच्या तिकिटावर घरी गेले. याचंही तिकीट तयार आहे, पण हा उतरत नाही. मी रडून सांगितलं, तरी मान हलवतो. तुम्ही बोला त्याच्याशी.

तुमच्या दुवेची गरज असलेली,
नूरजहां

लोणंद, ता. १५ जुलै

चि. नूरजहांस सलाम व दुवा.

तू दार उघडलंस. ठीक. चहाही पाजला असशील. ज्या माणसानं उभ्या जन्मात टपाल वेळेवर पोचवलं नसेल, तो आता समुद्रात पाणी पोचवतो, आणि तू डोळे पुसत ऐकतेस.

परक्या देशातली बाई आपल्या पोराला फुकट भात का घालेल याचा विचार कर. भातानंतर पुस्तक येतं, पुस्तकानंतर नाव बदलतं. फरदीन उतरत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. माझ्या हाताखालचा आहे, त्यानं ओळखलं असणार. जगभर पसरलेल्या लोकांना एक पोरगं शिडीवरून खाली आणता येत नाही. मी जन्मभर धान्याच्या कोठ्या केल्या, नुसता पत्रा मोठा आणि आत दाणा नाही, अशी कोठी मला लांबून कळते.

जहाजाच्या मालकाला मी रजिस्टरनं कडक पत्र लिहिणार आहे, पत्ता मिळाला की. ती बाई पाणी रोज आणते का, ते कळव. कॅनला झाकण असतं का, तेही विचार.

बादशहा

इस्लामपूर, ता. १९ जुलै

भाईजानना सलाम.

पाणी एक दिवसाआड येतं. कॅनला झाकण आहे.

त्यानं ओळखलंबिळखलं काही नाही. काल मी त्याला खोदून विचारलं, का बसलायस. म्हणाला, जाताना स्टँडवर मामूनं खांद्यावर हात ठेवून सांगितलंय, आपल्या दुकानात उस्ताद हात थांबव म्हणेपर्यंत शागीर्द हातोडी खाली ठेवत नाही, तसा जहाजावर मालक हाच उस्ताद.

मालक पळालाय, भाईजान. आता त्याला थांब म्हणणारं कुणी उरलं नाही. रोज सकाळी उठतो आणि रिकाम्या जहाजाचा डेक पुसतो. अचेंगबाई सांगत होती, अंगात ताप होता तरी पुसत होता. मी त्याची आई आहे, उस्ताद नाही, माझं तो ऐकत नाही. रणभिसेंना लोणंदला पाठवतेय. त्यांना काय बोलायचं ते बोला, पण फोन हातात घ्या.

नूरजहां

लोणंद, ता. २४ जुलै

चि. नूरजहांस सलाम व दुवा.

तुझा रणभिसे आला. स्टुलावर बसला आणि जगाचा नकाशा उघडला, त्यावर जागोजाग लाल ठिपके. जगाला गोवर आलाय का, असं मी विचारलं. हसला. असली माणसं कशालाही हसतात. आपला शागीर्द वाजिद त्याला खुर्ची आणायला निघाला होता, मी नको म्हटलं.

त्यानं फोन लावला. आधी ती बाई दिसली, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली. मला मामू म्हणाली. कुणी शिकवलं कोण जाणे. मग फरदीन. आधी मी ओळखलंच नाही. जेवलास का विचारलं, तो हो म्हणाला. रणभिसे उठून बाहेर जाऊन उभा राहिला, तेवढी अक्कल आहे त्याला. मी म्हटलं, बास बाळा, हात थांबव. त्यानं विचारलं, उतरू का. मी म्हटलं, उतर. त्यानं हातातलं ओलं फडकं पिळलं, नीट घडी करून कठड्यावर ठेवलं आणि शिडीकडे गेला. पुढचं मला नीट दिसलं नाही, फोनची काच खराब असणार.

रविवारी मुंबईला विमान येतंय. रणभिसे गाडी करतोय आणि मलाही चल म्हणतो. जातो. त्याच्या भरवशावर पोरगं कसं सोडायचं.

एवढे देश, एवढी बंदरं, आणि पोराला उतरवायला शेवटी लोणंदचा म्हातारा लागला. यांच्या पसाऱ्याची मला कवडीची किंमत वाटत नाही, आणि हे मी रणभिसेला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, खरं आहे, म्हणून तर त्या मंगळवारी आधी तुम्हाला फोन केला होता.

लोभ असू दे, रागावून कमी करू नकोस.
तुझा भाऊ, बादशहा