दहाव्याचा पक्षी

रविवार, २८ मार्च २०२१

चांदवे १४२. करडी बदकं ६०, पाच इकडे-तिकडे. जांभळ्या पाणकोंबड्या ३१ — पैकी एकीचा डोळा माझ्या सँडविचवर. तिरंदाज १, पंख पसरून उन्हात उभा, वाळत घातलेल्या धोतरासारखा. पाणलावा शून्य. सगळ्या जपानला गेल्या.

इथे, दक्षिण गोलार्धात, शरद चैत्रात येतो. ऋतुवर्णनं पाठ करण्यात ज्याचं बालपण गेलं त्याची याहून चेष्टा ती काय करायची!

आठ वर्षांत पहिल्यांदाच शरदाची पक्षीगणना एकट्याने करतोय. फॉर्मवर दोन निरीक्षकांची नावं लागतात. माझा जोडीदार चंद्रहास जानेवारीपासून पुण्यात आहे — आईचं खुब्याचं हाड मोडलं, देशाबाहेर पडायची सरकारकडून खास परवानगी काढून गेला. आमचे फॉर्म गोळा करणारी ग्लेनिस म्हणाली, "त्याचं नाव टाकून दे, मेट. ही इज हिअर इन स्पिरिट." नाही टाकलं. नुसत्या आत्म्याने हजर असलेल्याला पक्षी दिसतात का, याबद्दल शास्त्रात स्पष्टता नाही.

रविवार, ४ एप्रिल

घड्याळं एक तास मागे. पक्ष्यांना कुणी कळवलेलं नाही.

तळ्यापलीकडच्या विलोच्या झाडाचा फोटो चंद्रहासला पाठवला. लगेच उत्तर — "डावीकडे रातबगळा आहे, शास्त्रीबुवा!"

"ओंडका आहे."

"मान आखडून बसलाय बघ. लिही!"

"दहा हजार किलोमीटरवरून दिसला तुला?"

"लिही रे. एकाने काय होतंय."

नाही लिहिला. त्याला जो दिसायला हवा असतो तो त्याला दिसतो. मला दिसलेलासुद्धा मी तीनदा तपासतो. त्याची मुलगी तेजश्री, uni मध्ये दुसऱ्या वर्षाला, म्हणते — "बाबा पक्षी बघतो आणि काका त्याचं ऑडिट करतात." आठ वर्षं एका बाकावर बसून भांडलो. इतर लोक याला मैत्री म्हणतात.

मंगळवार, १३ एप्रिल

पाडवा. गुढी नाही. बाल्कनीत काठी उभी करायची तर बॉडी कॉर्पोरेटला, म्हणजे इथल्या सोसायटीला, ईमेल करावी लागते, आणि गुढी म्हणजे काय हे त्यात समजावणं माझ्याच्याने होणार नाही. श्रीखंड आणलं, डब्यातलं.

दुपारी चंद्रहासचा फोन. अठराच्या विमानात सीट मिळतेय. आई वॉकर धरून चालायला लागल्यात, पण उठवायला माणूस लागतं. पुण्यात आजार पुन्हा वाढतोय म्हणाला. "येऊ का थांबू? तू सांग. तू सांगशील ते करतो."

म्हणालो, "बदकं कुठे पळून जात नाहीत. महिनाभर थांब. आईला नीट चालती करून ये."

"एवढं संस्कृत शिकून शेवटी हेच का!" हसला. थांबतो म्हणाला.

रविवार, १८ एप्रिल

करावाँग उतरले डोंगरातून. थंडी पडली की दरवर्षी शहरात येतात. ६. मोठे, काळे, डोळा पिवळा, शेपटीच्या टोकाला पांढरं. नवखा माणूस हमखास कावळा समजतो. इथल्या कावळ्याचा डोळा पांढरा. इतकं सोपं आहे, तरी दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

हनीईटरांचे थवे डोक्यावरून उत्तरेला. ३०, १८, ४५ — मग मान दुखली. कुणी आता म्हणेल की पक्ष्यांना व्हिसा लागत नाही. म्हटलं तर मी उठून जाईन.

एक गृहस्थ बदकांना पाव टाकत होते. हटकलं. पाटी दाखवली. "इट्स जस्ट ब्रेड, मेट." तेच तर!

बुधवार, २१ एप्रिल

चंद्रहासला ताप. "नुसता ताप आहे" म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा हळू. फार बोललो नाही, दम लागत होता त्याला.

शनिवार, २४ एप्रिल

बेड मिळाला. ऑक्सिजन लावलाय. त्याचा भाचा यतिन हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसून असतो.

त्याच्या बायकोकडे, विनीतावहिनींकडे, जाऊन आलो. त्या जाऊ शकत नाहीत, तेजश्री जाऊ शकत नाही, मी तर कोण! परतताना गुंगालिनमधले कॅफे भरलेले. शेजारून जाणारी ट्राम खचाखच. पबच्या टीव्हीवर फुटीची मॅच, आणि लोक ओरडतायत. इथे कित्येक महिन्यांत रुग्ण नाही. आपण चुकीच्या ग्रहावर राहतो असं वाटलं. की बरोबर ग्रहावर? मग पार्किंग शोधलं.

रविवार, २५ एप्रिल

चांदवे १३०. पुढचे रकाने रिकामे राहिले.

मंगळवार, २७ एप्रिल

चंद्रहास गेला. इथे दुपारचे तीन, तिथे साडेदहा. आजच सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केली.

गुरुवार, २९ एप्रिल

मला काही होत नाही.

ऑफिसला गेलो. दोन मीटिंगा. शेजारच्या डेस्कवरचा म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस." मी म्हणालो, नो वरीज. नो वरीज! घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरलो. डाळीचं पिठलं झालं. खाल्लं.

तिकडे महापालिकेच्या माणसांनी उरकलं. यतिनला लांबून उभं राहू दिलं. आई चालायला लागल्यात. आधार न घेता.

रविवार, २ मे

चांदवे १५१. शॉव्हेलर बदकं ४. चमचा १ — संस्कृतात दर्वीमुख, म्हणजे पळीतोंड्या. चंद्रहास म्हणायचा, तुमच्या देववाणीत सगळी स्वयंपाकघरातलीच भांडी.

नंतर वहिनींकडे. मयूरा नावाची त्यांची मैत्रीण डबे ठेवून गेली होती, उघडलेले नव्हते. वहिनी रडत नाहीत. हळू बोलतात, इतकं हळू की पुढे वाकावं लागतं. म्हणाल्या, "भावजी, त्याला अठराची सीट मिळत होती. मला विचारलं त्याने, काय करू. मी ऑफिसच्या गडबडीत होते. म्हटलं, तुझं तू ठरव. एवढंच म्हणाले. तुझं तू ठरव."

मी बशी सरळ केली.

"तुम्ही एकटे त्याला ये म्हणत होतात. सांगितलं ना त्याने मला. शास्त्रीबुवा मागे लागलाय, लगेच निघ म्हणतो, पण माझाच पाय निघत नाही — असं म्हणाला. मी तेव्हा जरी म्हटलं असतं ना, भावजींचं ऐक…"

असं सांगितलं त्याने! थांब म्हणणारा मी. वहिनींनी मला बोल लावू नये म्हणून हा गडी आधीच नोंद फिरवून मोकळा! नेहमीचंच — दिसलं एक, लिहिलं दुसरं. दुरुस्ती करण्याचं काम माझं. आठ वर्षं माझंच होतं.

मी चहा प्यालो. आलं जास्त झालं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत."

बुधवार, ५ मे

उद्या दहावा. पुण्याच्या गुरुजींना झूमवरसुद्धा वेळ नाही. तेजश्री आली. "काका, तुम्हाला येतं ना सगळं? आईला पाहिजे आहे. कावळा वगैरे. मला माहीत नाही मी बिलीव्ह करते का."

मी वाईच्या पाठशाळेत चार वर्षं काढली, त्यातली दोन पळून जाण्याचे बेत करण्यात. येतं म्हणालो.

"मी करू शकते ना? मुलगी चालते?"

"कावळ्याला फरक कळत नाही."

बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, तळ्यावर करू या, बाबाच्या जागी. म्हटलं, तिथे पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे. म्हणाली, "आर यू सीरियस, काका?" होतो.

शेवटी कार पार्कजवळचं पिकनिकचं बाक ठरलं. संध्याकाळी जाऊन कुंपणापासून पावलं मोजून आलो. बारा. हद्दीबाहेर आहे.

वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या — "तो शिवला म्हणजे कळेल मला. तो माझ्यावर रागावून गेला की नाही ते."

गुरुवार, ६ मे

धुकं. सकाळी तीन अंश. भाताचा पिंड, काळे तीळ, दर्भाऐवजी काठावरचं लव्हाळं — तेही हद्दीबाहेरचं. तेजश्रीने पफर जॅकेटवरून उपरणं घेतलं होतं. तिची बोटं थंडीने लाल. मी सांगत गेलो, ती करत गेली. उच्चार माझ्यापेक्षा बरे. चंद्रहास असता तर म्हणाला असता, शिष्य गुरूहून शहाणा निघाला, यात नवल ते काय!

मग पिंड बाकावर ठेवून आम्ही मागे सरलो.

कावळे तीन, दिव्याच्या खांबावर. इथले कावळे चिप्ससाठी दप्तराची झिप उघडतात. आज नाही! तिघे पलीकडे तोंड करून बसले, रांगेत उभ्या सरकारी नोकरांसारखे. दहा मिनिटं. वीस.

वहिनी पुढे गेल्या. हात जोडले. "तेजूचं शिक्षण पूर्ण करीन. आईंचं सगळं बघीन." कावळे हलले नाहीत. "घर विकणार नाही." नाहीत. "चुकलं रे माझं. मी म्हणायला हवं होतं, ये म्हणून." तेजश्रीने त्यांना धरलं. त्या माझ्याकडे वळल्या — "भावजी, तुम्ही बोला. तुमचं ऐकायचा तो."

ऐकायचा. तीच तर भानगड झाली.

मी पुढे जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मला पक्कं माहीत होतं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. बोललो नाही. नुसतेच ओठ हलताना दिसावेत म्हणून 'राम' शब्द चालवला. षष्ठीपर्यंत आलो असेन, मागून पंखांचा आवाज. काळा पक्षी बाकावर उतरला, पिंडात चोच घातली, मोठा घास घेऊन झाडाआड गेला.

शेपटीचं टोक पांढरं. डोळा पिवळा. चार मीटरवरून, दुर्बीण लागत नाही.

वहिनींनी माझी बाही धरली. "कावळाच ना तो? भावजी? तुम्ही सांगा. कावळाच ना?"

तेजश्रीही माझ्याकडेच बघत होती.

म्हणालो, "हो. कावळा."

वहिनी खाली ओल्या गवतात बसल्या. "गेला," म्हणाल्या. "शांत झाला." खांबावरचे तिघे उडून गेले.

आठ वर्षांत एक चुकीची नोंद जाऊ दिली नाही. आता आठवड्यात दोन.

रविवार, ९ मे

चांदवे ११८. करडी बदकं ७४. झेब्र्यासारख्या पट्ट्यांचं, गुलाबी कानाचं बदक १ — या मोसमातलं पहिलं. हॅरियर १, शिकारी पक्षी, लव्हाळ्यावरून तरंगत, घाई नाही. त्याच्याखाली सगळी बदकं गप्प. करावाँग ९.

काही वाटलं नाही. दुर्बिणीची काच पुसली. ग्लेनिसने फॉर्म घेताना माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. किती वेळ धरायचा असतो ते मला माहीत नाही, म्हणून मीही धरून ठेवला.

मंगळवार, ११ मे

वहिनी कामावर गेल्या नाहीत. तेजश्री सांगत होती — "आई म्हणते बाबा रागावला नाहीये. पण खात नाही काही. म्हणते, तो मोठ्या मनाचा, माफ केलं त्याने. बट काका, शी स्टिल थिंक्स शी डिड इट."

म्हणजे पक्ष्याने क्षमा आणून दिली, पण त्याआधी गुन्हाही कायम केला. पाठशाळेत असा प्रश्न आला असता तर मी पानभर उत्तर लिहिलं असतं.

शुक्रवार, १४ मे

बातम्यांत — बंदीनंतरचं भारतातून येणारं पहिलं विमान उद्या डार्विनला उतरणार आहे.

रविवारी झूमवर श्रद्धांजली सभा. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं. तुम्ही त्याला ये म्हणालात तेही सांगा. त्याच्या घरच्यांना कळू दे, कुणीतरी बोलावत होतं. मी नाही, पण कुणीतरी."

बरं म्हणालो. घरी येऊन तीन पानं लिहिली. छान झाली. भाषा मला येते, हे खरं दुखणं. वाचून पाहिली — त्यात मी फार चांगला माणूस आहे.

फाडली.

पक्ष्याचं सांगणार नाही. ते माझ्याजवळ राहिलं तर कुणाचं नुकसान नाही. सीटचं सांगावं लागेल.

शनिवार, १५ मे

सकाळी जाऊन सांगितलं. तेरा एप्रिलचा फोन, त्याचा प्रश्न, माझं उत्तर, जसंच्या तसं. वहिनी ऐकत राहिल्या. मग उठल्या. "अठरा दिवस! अठरा दिवस इथे बसून माझ्या हातचा चहा प्यालात तुम्ही!" केवढ्याने ओरडल्या! तेजश्री धावत आली. "निघा. आधी निघा माझ्या घरातून!"

निघालो. दारात बूट घालत होतो तेव्हा आतून रडणं ऐकू आलं — मोठ्याने, भांडल्यासारखं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला नाडी बांधता येईना.