बाजारच्या जुडीला तुझी माती

प्रिय आये,

"मला काय सांगतोस? तिला सांग," असं नलूकाकी काल म्हणाली. दार लावलं नाही तिने, पण लावल्यासारखंच. चहाचा कप पुढे ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून भांडी घासायला बसली. तुला आता कुठे गाठू? म्हणून आपल्या खोलीत येऊन, तुझ्याच पाटावर बसून हे लिहितोय. खोली अजून सोडलेली नाही. वीजबिल वेळेवर भरतो. बघ, सांगायचं ते राहिलं बाजूला, मी आपली हुशारीच सांगायला लागलो.

तुझ्या तेराव्याला मी चाळीच्या गॅलरीत उभं राहून सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "आयेचा वाफा मी सोडणार नाही." लोकांनी माना हलवल्या. नलूकाकीने डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम. माणूस गेलं की त्याचा वाफा घरच्यांकडे राहतो, पण एका अटीवर. घरच्यांनी एक पीक घ्यायचं आणि दसऱ्याच्या आत पहिली तोड दारोदार वाटायची. जमलं नाही तर वाफा रांगेतल्या पुढच्या घराला. चाळीमागचा उकिरडा तुम्ही बायकांनी पाट्या भरभरून उपसून तिथे वाफे पाडले, तेव्हा हा नियम तूच घातला होतास ना? आपल्या वाफ्यातलं पहिलं पान आपण खायचं नाही, हाही तुझाच.

आणि रांगेत पुढे कोण? दुसऱ्या मजल्यावरची सुजाता. जी तुझे गुडघे धरल्यावर तुझी बालदी उचलायची. गॅलरीत तेलाच्या डब्यांत मिरच्या लावून, वाफ्याची वाट बघत बसलेली सुजाता. हे मला माहीत होतं, आये.

मी काय केलं? माझ्या गाळ्यावरच्या एका पोऱ्याला सांगितलं, वाफ्यात लाल माठाचं बी टाक आणि रोज सकाळी जाऊन पाणी घालत जा. त्याला खिडक्या बसवता येतात, माठ नाही. माझ्यासारखाच. पण सरकत्या खिडक्या बसवत बसवत मी चाळीतून लोअर परळच्या टॉवरमध्ये राहायला गेलो, तेव्हा माझा ठाम समज, की योग्य माणूस लावला की कुठलंही काम होतं.

तो मला फोटो पाठवायचा. लालभडक, दाट, बघत राहावं असा माठ. मी ते फोटो स्टेटसला ठेवायचो. खाली लिहायचो, 'आयेचा आशीर्वाद'. बिल्डर लोक हात जोडलेले पाठवायचे.

तो वाफा नलूकाकीचा होता गं.

पोऱ्याने पाइप सोडून आपल्या वाफ्यातलं बी कधीच धुवून काढलं होतं. मी ओरडेन म्हणून शेजारचा फोटो काढायचा. त्याला दोष कसा देऊ? मी एकदा तरी येऊन बघितलं असतं तर? गाडी चाळीवरूनच जाते माझी. आणि काकी रोज माझ्या स्टेटसवर स्वतःचाच माठ बघत होती, चाळ बघत होती, आणि एकानेही मला फोन केला नाही.

गेल्या रविवारी चाळीच्या ग्रुपवर मी आदल्या दिवशीच टाकून ठेवलं होतं, 'उद्या आयेच्या वाफ्याची पहिली तोड.' पहाटे एकटाच गेलो. वाफ्यात काय होतं? चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात दोन काड्या.

तिथेच गप्प उभा राहिलो असतो तरी बरं होतं. पण धंद्यात मुरलेलं डोकं. माल नाही म्हणून पार्टीला कधी परत पाठवलंय का मी? गाडी काढली, दादरच्या मार्केटमधून माठाच्या जुड्या उचलल्या आणि चाळ उठायच्या आत परत आलो. जुड्यांची दोरी सोडली. मुळं धुतलेली होती, स्वच्छ. मग वाफ्यापाशी उकिडवा बसलो, बाटलीतलं पाणी ओतलं, माती कालवली आणि एकेका मुळाला फासली.

तुझ्या वाफ्यातल्या मातीला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला, तो असा.

"मातयेक हात लावल्याशिवाय ती कोणाक वळखणा नाय, झिला," तू म्हणायचीस. मी म्हणायचो, "आये, भाजी ॲपवर दहा मिनिटांत येते." त्यावर तू म्हणायचीस, "येता मगे? मग तसलीच खा." आणि तरी पिशवी माझ्या गाडीत ठेवायचीस. मी सीटवर आधी पेपर अंथरायचो. तू बघायचीस ते, आणि काही बोलायची नाहीस. का बोलायची नाहीस गं? सगळ्यांना टाकून बोलणारी तू, मलाच तेवढं मोकळं का सोडलंस?

दारोदार वाटल्या मी जुड्या. दोन्ही हातांनी घेतल्या लोकांनी. कोणी डोक्याला लावली. सुजाताने घेतली, मुळाकडे बघितलं, माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाली, "आजींची आठवण आली, भाऊ." एवढंच.

जिन्यात पोचलो तेव्हा काकीच्या घरातलं बोलणं कानावर आलं. माझे कान तुला माहीत आहेत. गिऱ्हाईक बायकोशी काय कुजबुजतंय ते ऐकून भाव ठरवणारा मी. त्या दिवशी बहिरा असतो तर बरं झालं असतं.

काकीची सून म्हणाली, "आई, ही बाजारची आहे. त्यांच्या वाफ्यात तर गवतपण नाही."

"मग? खायची नाही का? चीर ती."

"आणि चाळीच्या मीटिंगमध्ये वाफ्याचं विचारलं तर काय सांगणार?"

"सांगू, गोड होती भाजी."

"आणि सुजाता? ती बिचारी किती दिवस..."

"तिच्याशीही बोलणं झालंय. तीच म्हणाली, राहू दे, आजींचा मुलगा आहे."

मी जिन्यातच बसलो, आये. मला फसवणारे भेटलेत, बुडवणारे भेटलेत, त्यांना मी पुरून उरलो. पण सगळं कळून, माझी लाज राखायला खोटं बोलणारी माणसं आली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ती माझी लाज राखत नव्हती, हेही कळलं. तुझी राखत होती.

काल धीर करून काकीकडे गेलो. निम्मंच बोललो असेन.

"माझा माठ तुझ्या फोनवर बरा दिसत होता हो," ती म्हणाली. "मला तर वाटलं, मीच जरा कमी पाणी घालते की काय."

मी म्हटलं, "काकी, चार शिव्या घाल."

"शिव्या घालायला तू माझा कोण? ती असती तर तिने घातल्या असत्या." मग म्हणाली, की हे तुलाच सांगायचं.

तर सांगितलं.

परवा चाळीची मीटिंग आहे. वाफ्याचं नाव निघेल आणि काकी, आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई, माझ्यासाठी तोंड उघडेल. त्याच्या आधी मी उठणार. भाजी दादरची होती, हे मी माझ्या तोंडाने सांगणार, आणि वाफा सुजाताला द्या म्हणणार. तिथे विनोद करून वेळ मारून नेणार नाही, हे वचन देतो. ते मला सगळ्यात अवघड जाईल, तुला माहीत आहे.

पुढे सुजाताची पहिली तोड निघेल तेव्हा मी कामं सोडून इथे येईन, आणि आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून आत बसेन. जुडी घेऊन ती दाराशी थांबली, तर उठून दोन्ही हातांनी घेईन. आणि न थांबता पुढच्या दाराकडे गेली, तर तिची पावलंही बसून ऐकेन.

तुझाच,
सुध्या