नववर्षाची शाई

मात्सुमोतो, १२ ऑक्टोबर १९४५

चि. ताकेझोस अनेक आशीर्वाद.

वि. वि. जगात हल्ली मोठमोठे अन्याय झाले. माझ्यावरचा त्यांतच मोडतो. बाबांची शाईची कांडी, जी आपण फक्त नववर्षाची पहिली अक्षरं काढायला उगाळायचो, ती तू दोन दिवसांसाठी म्हणून नेलीस. महिना झाला! शेजारच्या बाळाचं नाव भिंतीवर लावायला लिहून द्यायचं होतं, ते मला पेन्सिलीने लिहावं लागलं. उद्या पोर मोठं होऊन स्वतःला खोडून टाकेल. एवढ्या मोठ्या शाळेत मास्तराला शाई मिळत नाही का?

लोभ आहेच, कांडीही असावी.

तुझी ताई, इसोए

*

२० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

कांडी संपत आली, ताई. आधी शिव्या घाल, मग पुढे वाच.

आपण युद्ध हरलो, अमेरिकन लष्कराचा अंमल आल्यावर वरून हुकूम आला, की पुस्तकांतल्या युद्धाच्या आणि पराक्रमाच्या ओळी मुलांनी स्वतःच्या हाताने काळ्या करायच्या. शाळेची शाई पहिल्याच दिवशी आटली, मग बाबांची कांडी उगाळली. कागद इतका पातळ, की उजेडाला धरला की ओळ परत डोकावते. मुख्याध्यापक खिडकीशी उभे राहून अंडी पारखावीत तशी पानं पारखतात आणि दुसरा हात मारायला सांगतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या मित्सुएने पुस्तक कपाळाला न लावता उघडलं, म्हणून मी तिला तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं. तिची बोटं थंडीने फुटली होती. काल तिने ओलं पुस्तक कपाळाला लावलं, डाग पडला, आणि तिने शांतपणे विचारलं, की सर, आता यातलं कोणतं पान कपाळाला लावायचं? राजीनामा लिहून ठेवलाय.

राग कर, पण लोभाहून कमी.

ताकेझो

*

८ डिसेंबर

चि. ताकेझोस अ. आ.

राजीनामा बाबांच्या शाईने लिहिला असशील, तर त्यावर माझा हक्क आहे. इकडे पाठव, चूल पेटवायला कागद नाही. पोरीला उभं केलंस तू, आणि माफी मागायला नवा मास्तर येणार होय? पळून जायचा हुकूम तुला कोणी दिलेला नाही.

अंगणातल्या झाडाचे सुकवलेले पर्सिमन धाडतेय. ज्या दोरीला टांगलेत ती परत हवी.

तब्येत सांभाळ, शहाणा हो.

इसोए

*

९ जून १९४६

ती. ताईस सा. न.

सहा महिने धीर गोळा करत होतो. नवी पुस्तकं आली. पुस्तकं कसली, वर्तमानपत्रासारखे ताव! घड्या घालून, कापून घरोघरी शिवायचे. मित्सुएचे ताव मी मागून घेतले. वर्गासमोर सांगितलं, की त्या दिवशी चूक तिची नव्हती, माझी होती. आणि कमरेत वाकलो. मग तिथेच बसून तिचं पुस्तक शिवलं. तिने ते घेतलं, कपाळाला न लावता थेट उघडलं आणि वाचायला लागली.

राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच हे पत्र लिहितोय. वाचून झालं की चुलीत घाल. दोरी परत येणार नाही. ती त्या पुस्तकात गेली. कांडीचा नखाएवढा तुकडा मात्र राखला होता, तो सोबत आहे. त्या बाळाचं नाव आता शाईने लिही.

तुझा ताकेझो